हा ड्रोन कोणाचा? एका साध्या प्रश्नातून संशोधनाचा विषय कसा निघतो

२०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला मामांचा फोन आला. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन रस्त्यावर उतरली होती. वर दोन दिवे फिरत होते, एक लाल, एक हिरवा. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवसांत पुणे, नगर आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांतून रात्री ड्रोन दिसल्याच्या तक्रारी येत होत्या. चोर आधी वरून टेहळणी करतात आणि मग घरं फोडतात, अशी चर्चा होती. मामा म्हणाले, "अरे, तू त्याच ड्रोनमध्ये पीएचडी करतोयस ना? मग सांग की, हा वर फिरतोय तो कोणाचा?"

मला सांगता आलं नाही.

तेव्हा माझं पीएचडीचं दुसरं वर्ष चालू होतं. माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं "ड्रोन सुरक्षेचा सर्वंकष अभ्यास". गाईड मॅडमनी "सर्वंकष" या शब्दाखाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, "म्हणजे नक्की काय?" कित्येक महिने मी त्या लाल रेघेकडे बघत होतो. मामांनी एका वाक्यात मला विषय दिला.

तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट किंवा पेट देऊन आता विषय शोधताय. म्हणून आज दोन गोष्टी एकत्र सांगतो. एक, ड्रोनची ओळख, सुरक्षा आणि कायदा यांत सध्या काय चाललंय. आणि दोन, एवढ्या मोठ्या विषयातून आपल्याला पेलेल असा प्रश्न कसा वेगळा काढायचा.

आधी प्रश्न फोडा

"हा ड्रोन कोणाचा?" हा वरवर एक प्रश्न दिसतो, पण आत चार आहेत:

१. वर दिसतंय ते ड्रोनच आहे का?
२. असेल, तर तो स्वतःची ओळख सांगतोय का?
३. सांगतोय ती ओळख खरी आहे का?
४. ती ओळख कोणाला कळावी? मामांना, पोलिसांना, की सगळ्यांना?

पहिला प्रश्न सिग्नल प्रोसेसिंगचा. दुसरा नियमांचा आणि मानकांचा. तिसरा क्रिप्टोग्राफीचा. चौथा कायद्याचा आणि खासगीपणाचा. चारही एका पीएचडीत बसत नाहीत. पण आपण कुठे उभे आहोत हे कळायला चारही थोडेथोडे माहीत असावे लागतात. मी दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण सध्या सगळ्यात जास्त हालचाल तिथेच आहे.

ड्रोनची नंबरप्लेट

मोटरसायकलला नंबरप्लेट असते तशी ड्रोनलाही लावता येईल, पण शंभर मीटरवरून ती वाचणार कोण? म्हणून नंबर रेडिओवरून सांगायचा. याला रिमोट आयडी म्हणतात. अमेरिकेत याचा नियम जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १६ मार्च २०२४ पासून त्याची सवलत संपली. नोंदणी लागणाऱ्या ड्रोनने दर सेकंदाला आपला क्रमांक, जागा, उंची, वेग आणि वेळ हवेत सोडायची. सोबत तो उडवणारा कुठे उभा आहे तेही सांगायचं. हे सगळं ब्लूटूथ किंवा वायफायवरून, म्हणजे साध्या मोबाइललाही ऐकू येईल असं. युरोपमध्येही जानेवारी २०२४ पासून अनेक प्रकारच्या ड्रोनना अशीच सक्ती आहे.

भारताने सुरुवात वेगळ्या बाजूने केली. डीजीसीएने ऑगस्ट २०१८ मध्ये नियम आणले, ते १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाले. त्यांत "नो परमिशन, नो टेकऑफ" ही कल्पना होती. म्हणजे सर्व्हरकडून डिजिटल सही असलेली परवानगी आली, त्यातली जागा आणि वेळ जुळली, तरच ड्रोनचं सॉफ्टवेअर मोटर सुरू होऊ देणार. दोन्हींतला फरक नीट बघा. अमेरिका म्हणते, उड, पण ओरडत उड. आपण म्हणत होतो, आधी विचार, मग उड.

पुढे २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम आले. फॉर्म २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. देशाचा नकाशा हिरवा, पिवळा आणि लाल अशा भागांत वाटला गेला. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. आपल्यासाठी यातला नियम १२ महत्त्वाचा आहे. तिथे परवानगीशिवाय उड्डाण नाही, थेट माग देणारा बीकन आणि जिओफेन्सिंग अशा तीन सुरक्षा सोयी केंद्र सरकार पुढे अधिसूचना काढून सक्तीच्या करू शकेल असं म्हटलंय. तशी अधिसूचना काढली तर पालनासाठी किमान सहा महिने द्यायचे, हेही तिथेच आहे. थेट माग देणारा बीकन म्हणजे आपल्या भाषेत रिमोट आयडीच. म्हणजे दार नियमात कोरून ठेवलंय, आणि त्याला कोणतं कुलूप लावायचं यावर अभ्यास करायला जागा आहे. विषय शोधताना कायद्यात अशी जागा दिसली की खूण करून ठेवा.

ओळख खोटी असेल तर?

आता तिसरा प्रश्न. इथे एक पेपर प्रत्येकाने वाचावा असा आहे. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या आणि सिस्पा या संस्थेतल्या संशोधकांनी तो २०२३ च्या एनडीएसएस परिषदेत मांडला. डीजेआयच्या ड्रोनमध्ये ड्रोनआयडी नावाची कंपनीची स्वतःची ओळख-यंत्रणा आहे. ती एन्क्रिप्टेड आहे असं आधी सांगितलं गेलं होतं. संशोधकांनी बाजारात मिळणारा सॉफ्टवेअर रेडिओ घेतला, सिग्नल उलगडला आणि दाखवून दिलं की तो एन्क्रिप्टेड नाहीच. ड्रोन कुठे आहे आणि उडवणारा कुठे उभा आहे, दोन्ही उघड वाचता येत होतं. त्याच अभ्यासात त्यांना एकूण १६ त्रुटी सापडल्या. काहींनी ड्रोन उडताउडता खाली पाडता येत होता, काहींनी त्याची ओळख बदलता येत होती.

मला या पेपरमधून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते त्यांच्या वागण्यातून. त्यांनी त्रुटी आधी कंपनीला कळवल्या, दुरुस्तीला वेळ दिला आणि मग पेपर छापला. सुरक्षेवर काम करणार असाल तर हा क्रम पाठ करा. त्रुटी सापडली की लगेच व्हिडिओ टाकायची खाज सुटते. ती आवरायची.

उघड प्रसारणाची दुसरी अडचण अशी की ते कोणीही करू शकतं. काहीशे रुपयांच्या वायफाय-ब्लूटूथ बोर्डवरून "मी ड्रोन आहे, इथे आहे" असे संदेश सोडले, तर ऐकणाऱ्या मोबाइलवर खोटे ड्रोन दिसू लागतात. मामांच्या गावावर त्या रात्री असे वीस खोटे ड्रोन कोणी "उडवले" असते तर काय झालं असतं, विचार करा.

६३ आणि ६४ ची गोष्ट

"मग डिजिटल सही लावा की!" मीही असंच म्हणालो होतो. मॅडम म्हणाल्या, "बाइट मोजलेस का?" मोजले. तुम्हीही वही काढा.

जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ जाहिरात-पॅकेटमध्ये ३१ बाइट मावतात. रिमोट आयडीचं जे एएसटीएम मानक आहे, त्यातला एक संदेश २५ बाइटचा. सही पाठवायची तर ती पानापानांनी पाठवावी लागते. पहिल्या पानावर १७ बाइट मावतात, पुढच्या प्रत्येक पानावर २३. एडवर्ड्स वक्रावरची ईडी२५५१९ ही सही ६४ बाइटची असते. तीन पानांत किती मावतात? १७ + २३ + २३ = ६३. एक बाइट कमी! म्हणजे चौथं पान आलंच. प्रत्यक्षात सहीसोबत वेळ आणि ओळखही जोडावी लागते, त्यामुळे पानं आणखी वाढतात. आपण सोपं म्हणून चारच धरू.

हवेत पॅकेट हरवतात. एक पान पोचण्याची शक्यता ०.९ धरली, तर चारही पोचण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, साधारण ०.६६. पान पोचण्याची शक्यता ०.८ वर आली तर ०.४१. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा सही अर्धवट पोचणार, आणि अर्धी सही म्हणजे सही नाहीच.

उपाय असा: चारही पानांची एक्सऑर बेरीज करून पाचवं पान पाठवायचं. आता पाचांपैकी कुठलंही एक हरवलं तरी उरलेल्या चारांवरून ते परत मिळवता येतं. ०.९ ला शक्यता जाते ०.९२ वर आणि ०.८ ला ०.७४ वर. एका जादा पानाने एवढा फरक. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ड्रिप नावाचा गट यावर काम करतो. त्यांच्या जून २०२४ च्या आरएफसी ९५७५ मध्ये हीच युक्ती वापरली आहे. ड्रोनची ओळखही त्यांनी त्याच्या सार्वजनिक किल्लीवरून बनवली, म्हणजे ओळख चोरून दुसऱ्याने मिरवता येत नाही.

माझं गणित एक गोष्ट गृहीत धरतं: प्रत्येक पान स्वतंत्रपणे हरवतं. खरं तर ड्रोन इमारतीमागे गेला की पाचही पानं एकदम जातात. तुमच्या मनात ही शंका आधीच आली असेल, तर अभिनंदन, तुम्ही संशोधनाला तयार आहात. "हे गृहीतक कधी मोडतं?" या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

सही खरी, जागा खोटी

समजा सही नीट पोचली. तरी तिचा अर्थ एवढाच की हा संदेश अमुक ड्रोननेच पाठवला. तो म्हणतो तिथेच आहे, हे सही सांगत नाही. कारण ड्रोनला स्वतःलाच जागा चुकीची वाटू शकते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांच्या सिग्नलची शक्ती किती उरते? एका वॉटला १ वर १६ शून्यं इतक्या संख्येने भागा, साधारण तितकी. शिवाय नागरी सिग्नलची रचना जाहीर आहे आणि त्यावर सही नसते. म्हणून त्याच रचनेचा थोडा जोरदार खोटा सिग्नल पाठवला की रिसीव्हर फसतो. जून २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या गटाने व्हाइट सँड्स इथे हे परवानगी घेऊन करून दाखवलं. स्थिर घिरट्या घालणारं छोटं हेलिकॉप्टर-ड्रोन त्यांनी खोट्या सिग्नलने हलवलं. युरोपच्या गॅलिलिओने २०२५ मध्ये आपल्या खुल्या सिग्नलला पडताळणीची सोय अधिकृतपणे सुरू केली, ती याच दुखण्यावरचा इलाज आहे.

मग जागा तपासायची कशी? ड्रोनचा संदेश तीन-चार ठिकाणी ऐकायचा, कुठे किती उशिरा पोचला ते बघायचं आणि फरकावरून जागा काढायची. कागदावर सोपं आहे. पण रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तुमच्या दोन रिसीव्हरच्या घड्याळांत एवढाच फरक असला, तरी ड्रोन शेजारच्या गावात दिसेल. स्वस्त घड्याळांनी हे कितपत जमेल? माझा प्रश्न अखेर इथे येऊन थांबला. "सर्वंकष अभ्यास" पासून निघून "स्वस्त रिसीव्हरनी रिमोट आयडीतल्या जागेची पडताळणी" इथपर्यंत यायला मला दीड वर्ष लागलं. तुम्हाला कमी लागावं म्हणून हा लेख.

जो बोलतच नाही त्याचं काय?

नंबरप्लेट प्रामाणिक माणूस लावतो. २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. अशा ड्रोनकडून ओळख सांगण्याची अपेक्षा कोण करेल? युक्रेनच्या युद्धात तर आता ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत जाणारे ड्रोन आले आहेत. त्यांना रेडिओ लागतच नाही. त्यामुळे जॅमरचा उपयोग नाही आणि रेडिओ ऐकून शोधताही येत नाहीत. तिथे रडार, कॅमेरा, आवाज यांवरच भिस्त.

इथे आपण पहिल्या प्रश्नाकडे येतो: ते ड्रोनच आहे का? या विषयावरच्या पेपरांत "९९ टक्के अचूकता" वारंवार दिसते. ती वाचताना एक हिशेब करा. समजा एका रात्री गावावरून हजार गोष्टी गेल्या: वटवाघळं, पक्षी, विमानांचे दिवे. त्यांत ड्रोन एकच. यंत्र शंभरातल्या एका निरुपद्रवी गोष्टीला चुकून ड्रोन म्हणतं. म्हणजे साधारण दहा खोट्या धोक्याच्या घंटा आणि एक खरी. गाव अकरा वेळा काठ्या घेऊन पळणार, दहा वेळा उगाच. आणि त्या दहांतल्या एखाद्या वेळी रस्त्याने जाणारा परका माणूस समोर आला तर? आकडा पेपरमध्ये असतो, परिणाम रस्त्यावर होतो. म्हणून अचूकतेच्या शेजारी खोट्या घंटांचं प्रमाण लिहिल्याशिवाय निकाल पूर्ण होत नाही.

मीही यात एकदा आपटलोय. ड्रोनच्या आवाजावरून ओळख पटवणारं माझं पहिलं मॉडेल जवळजवळ शंभर टक्के बरोबर निघालं. मी पेढे आणायच्या बेतात होतो. मग लक्षात आलं, शिकवायचे आणि तपासायचे तुकडे एकाच उड्डाणाच्या रेकॉर्डिंगमधून कापले होते. मॉडेलने ड्रोन ओळखलाच नव्हता, त्या दिवसाचा वारा ओळखला होता. उड्डाणं वेगळी केली तेव्हा आकडा धाडकन खाली आला. पेढे राहिले.

कोणाला कळावं?

चौथा प्रश्न राहिला. मामांना वाटतं, सगळ्यांना कळावं. आता दुसरी बाजू बघा. पंचविशीतली मुलगी कंपनीतर्फे शेताची मोजणी करायला एकटीच माळावर उभी आहे. तिची नेमकी जागा दर सेकंदाला कोणाच्याही मोबाइलवर दिसावी का? अमेरिकेत रिमोट आयडीला खासगीपणाच्या मुद्द्यावर कोर्टात आव्हान दिलं गेलं. जुलै २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ते फेटाळलं आणि नियम टिकला. पण एका देशाच्या कोर्टात नियम टिकला म्हणून प्रश्न मिटत नाही. क्रमांक सगळ्यांना दिसावा, मालकाचं नाव फक्त पोलिसांना, हा मधला रस्ता आपल्या गाड्यांना लागू आहेच. उडवणाऱ्याची जागा यांपैकी कोणत्या कप्प्यात टाकायची? यावर तंत्रज्ञ आणि कायद्याचे विद्यार्थी एकत्र बसून काम करू शकतात. एलएलएमचे कोणी वाचत असाल तर हा विषय तुमचाही आहे.

सुरुवात करण्याआधी चार गोष्टी

उड्डाण: २०२१ च्या नियमांतला नियम ४२ वाचा. सरकारी किंवा सरकारमान्य शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी टाइप सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक आणि पायलटच्या कागदांतून सूट आहे. पण उड्डाण हिरव्या भागात आणि संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेतच हवं. शिवाय पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश निघतात, विशेषतः मुंबईत. ते त्या आठवड्यात बघा.

रेडिओ: जॅमिंग किंवा खोटा जीपीएस सिग्नल उघड्यावर सोडायचा नाही. गच्चीवर नाही, "फक्त पाच मिनिटं" नाही. ते बेकायदेशीर आहे आणि जवळून जाणाऱ्या विमानालाही त्याचा त्रास होऊ शकतो. सिग्नल केबलमधून द्या किंवा शील्ड केलेल्या खोलीत काम करा.

पैसे: ड्रोन विकत घ्यायची घाई करू नका. आर्डुपायलटचं सिम्युलेशन लॅपटॉपवर फुकट चालतं. मॅव्हलिंक हा ड्रोन आणि जमिनीवरच्या संगणकातला संवाद; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सहीची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे. ती बंद असताना काय होतं हे सिम्युलेशनमध्ये बघणं, हा पहिल्या महिन्यासाठी चांगला अभ्यास आहे.

वाचन: पेपर वाचताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा. हा त्या चारांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय? एका वहीत चार रकाने आखा आणि पेपरचं नाव त्या रकान्यात टाका. पन्नास पेपर झाले की कोणता रकाना रिकामा आहे ते दिसेल.

मामांचा अजूनही फोन येतो. "काय, सापडला का तो ड्रोन?" म्हणून चिडवतात. मी म्हणतो, मामा, तीन रिसीव्हर बनवलेत, घड्याळं जुळेनात. ते म्हणतात, "मग जुळव की. आमच्या गच्चीवर लाव एक."

पुढच्या सुट्टीत लावणार आहे. ऐकायला परवानगी लागते का, आणि नेमकं काय ऐकलेलं चालतं, हे आधी तपासतोय. तोवर तुम्ही ०.७ साठी चार आणि पाच पानांचा हिशेब करून ठेवा.